उफराटे काकांचं एकरभर गवत

हां, तर पोस्टातल्या बाई बांधावर उभ्या, समोर डोक्याच्याही वर गेलेलं गवत, आणि ते कापायला लावलेला माणूस सोमवारपासून गायब! गायब तरी कसं म्हणावं? गवताच्या पोटातून विळ्याची सपसप चालूच होती.

"उफराटे काका, आज गुरुवार आहे हो!" बाई ओरडल्या.

"असणारच!" आतून उत्तर आलं. "काल बुधवार होता!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सापांच्या भीतीने त्या गवतात पाऊल टाकायला तयार नव्हत्या, त्यामुळे त्यांना दिसत होती ती नुसती हिरवी भिंत. त्या भिंतीला सोमवारी जसा धक्का लागलेला नव्हता तसाच गुरुवारीही नव्हता. आणि शनिवारी सकाळी गवंडी पायाची आखणी करायला येणार होता. जागा मोकळी दिसली नाही तर तो सरळ दुसऱ्या कामावर जाणार, ते थेट सहा महिन्यांनी परतणार. म्हणजे बाईंना आणखी सहा महिने त्या भाड्याच्या खोलीत काढावे लागणार. खोली अशी, की कपाट उघडायचं तर आधी खाट उभी करायची, आणि खाट उभी केली की दार उघडत नाही! पोस्टातली सगळी नोकरी बाईंनी त्या खोलीत काढली होती. आता स्वतःच्या एकरभर जागेत घर बांधायचं, एवढी एकच हौस उरली होती.

उफराटे हे काही काकांचं आडनाव नव्हे. ती लोकांची देणगी. सगळं जग कडेकडून कापत मध्ये येतं. काका मात्र एक नागमोडी वाट पाडत आधी थेट मधोमध जायचे आणि तिथून कापत कापत बाहेर यायचे. लोक हसायचे. काकाही हसायचे, पण पद्धत सोडायचे नाहीत.

पूर्वी तेही चारचौघांसारखेच कापायचे. नवीन लग्न झालेलं, बायकोसमोर रुबाब दाखवायचा म्हणून एका दिवसात अख्खं रान साफ करायला घेतलं. शेवटी खाटेएवढा तुकडा उरला. त्यातून एक ससा जो सुसाट सुटला तो काकांच्या दोन पायांमधून, आणि काका धाडकन पाठीवर! काकू पोट धरून हसल्या. मग त्यांनी त्या तुकड्यात वाकून पाहिलं, तर आत सशाची दोन पिल्लं थरथरत बसलेली. कडेकडून कापत आल्यामुळे बिचाऱ्यांना पळायला जागाच ठेवली नव्हती. काकूंचं हसू जागच्या जागी थांबलं. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. झोपेतसुद्धा बडबडणारी बाई ती! घर इतकं शांत झालं की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. तिसऱ्या दिवसापासून काका आतून बाहेर कापू लागले.

शुक्रवारी काकू डबा घेऊन आल्या त्या बातमीसकट. "अहो, ऐकलं का?" त्यांनी बांधावरूनच हाळी दिली. "बाईंनी माझ्या भावाला ट्रॅक्टर घेऊन बोलावलंय! उद्या सकाळी! तुमचं काम जाणार!"

विळ्याची सपसप थांबली. काका बाहेर आले, डबा घेतला आणि परत आत शिरले. बायकोचाच भाऊ आपलं काम नेणार, हे त्यांना चांगलंच झोंबलं होतं. पण आतली एक गोष्ट त्यांना अजून कुणाला सांगायची नव्हती.

शनिवारी सकाळी सगळे एकदमच जमले. दोऱ्या आणि चुन्याची पिशवी घेऊन गवंडी, ट्रॅक्टरवर मेहुणा, त्याच्यामागोमाग काकू, आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या बाई. भिंत जशीच्या तशी!

"दाजी, बाजूला व्हा, दुपारपर्यंत सपाट करतो," मेहुण्याने इंजिन सुरू केलं.

डोक्यात काड्या, खांद्यावर कुसळं, असे काका गवतातून प्रकटले. "कर की. पण आधी ते यंत्र बंद कर आणि सगळे आत चला. हळू, आवाज न करता."

बाईंनी काकूंचा दंड घट्ट धरला. नागमोडी वाटेने दोन-तीन पावलं आत गेल्या आणि थबकल्या. आत सगळं रान मोकळं! काटेरी झुडपं मुळासकट उपटलेली, गवत एका बाजूला रचलेलं, जमीन अंगणासारखी स्वच्छ. उरली होती ती फक्त कडेची दोन हात रुंद भिंत.

"ती दुपारपर्यंत जाईल," काका म्हणाले. "आतल्या जीवांना लपत लपत बाहेर पडायला ठेवली होती."

गवंडी खूश. त्याने भराभर दोऱ्या ताणल्या, पण एका कोपऱ्यात अडला. तिथे खाटेएवढं गवत तसंच उभं होतं. "हे काय ठेवलंत? इथे तर स्वयंपाकघर येतंय!"

काकांनी ओठांवर बोट ठेवून दोन काड्या बाजूला केल्या. आत लावी बसली होती, मुठीएवढा तपकिरी पक्षी. अंगाखाली अंडी. डोळे वटारून ती सगळ्यांकडे बघत होती.

"पंधरा दिवस लागतील," काका हळूच म्हणाले.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी लावीकडे पाहिलं. त्या एवढ्याशा जागेत अंग चोरून बसण्यातलं दुःख त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

"गवंडीदादा," बाई म्हणाल्या, "पाया मागच्या खोलीपासून घेता येईल?"

"घेऊ की! स्वयंपाकघर शेवटी. उफराटंच घर बांधू!"

मेहुणा ट्रॅक्टरवरून विळा घेऊन आला. "दाजी, भिंत कुठून धरू?"

बाईंचा सहा दिवस टांगणीला लागलेला जीव आता कुठे भांड्यात पडला, आणि मग त्या काकांवर उखडल्या. "अहो, पण हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

काकांनी मागे उभ्या असलेल्या काकूंकडे एक नजर टाकली आणि ते म्हणाले, "बाई, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हिला सांगितलं असतंत, मग ही बघायला आली असती, आली की बोलली असती, आणि ही बोलायला लागल्यावर लावी कशाला बसतेय हो अंड्यांवर!"