डाळिंबाचं पहिलं पाणी

आमच्या बोळातल्या बायका हल्ली मला झाडांचं विचारतात. मोगऱ्याला पाणी किती घालायचं, कढीपत्ता पिवळा का पडतो, डाळिंबाला कळी का धरत नाही. मी सरळ सांगते, "बोट घाला मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर गप बसा." तेवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. त्यांना माप हवं असतं, किती तांबे आणि कुठल्या वारी. मग माझा आवाज चढतो आणि त्या आपसात म्हणतात, बाईंना कळतं बरंच, पण तोंड फार. असेल बाई. खरं तर मला फारसं कळतही नाही. जे कळतं ते आप्पांनी शिकवलं, आणि त्यांनी शिकवलेलं मी ऐन वेळी मोडलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. नातेपुत्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर डाळिंबाची बाग केली. किडन्या निकामी झाल्या तेव्हा बाग भावाच्या हाती देऊन ते सोलापुरात माझ्याकडे आले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ते गावाकडून जमणारं नव्हतं. येताना एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत डाळिंबाचं कलम. मी म्हटलं, "आप्पा, दवाखान्याला आलाय का लावणीला?"

"दोन्हीला," म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं एक निळा ड्रम अर्धा कापला, बुडाला भोकं पाडली आणि गच्चीवर चार विटांवर ठेवला. भोकं फरशीला टेकली की पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात, हे आप्पांनी खाली उभं राहून ओरडून सांगितलं म्हणून विटा. माझ्या दहा-बारा कुंड्या आधीपासून होत्या, त्यातल्या निम्म्या मरायला टेकलेल्या. आप्पांनी जिना चढून त्या सगळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, तू झाडं पाळतीस का छळतीस?"

पहिला उन्हाळा त्यांनी स्वतः काढला. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. हिरवी जाळी कशी बांधायची, दुपारी पानं मान टाकतात तेव्हा घाबरून पाणी का घालायचं नाही, संध्याकाळी ती आपोआप वर येतात का ते कसं बघायचं, सगळं त्यांनी दाखवलं. पाइपातलं पहिलं पाणी चहाइतकं गरम येतं. ते बादलीत सोडायचं, गार झाल्यावर वापरायचं, पण तसंच गरम झाडाच्या मुळाशी नाही म्हणजे नाही.

आणि त्यांचं स्वतःचं पाणी? दिवसाला एक लिटर, तेसुद्धा चहा आणि आमटी धरून. डॉक्टरांनी बजावलं होतं, जास्त गेलं की फुप्फुसात साचेल. मी एका बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. सोलापूरच्या उन्हात एवढ्याशा पाण्यावर माणसानं दिवस काढायचा. ते तक्रार करत नसत. पण एकदा मी कपडे वाळत घालायला वर गेले तर आप्पा ड्रमच्या आडोशाला बसून पाइप तोंडाला लावून पीत होते. डोळे मिटलेले. माझं डोकंच फिरलं. पाइप हिसकावून घेतला आणि वाट्टेल ते बोलले. लहान आहात का? मला फासावर चढवायचंय का? शेजारच्या गच्चीवरची बाई बघत राहिली. आप्पा मान खाली घालून जिना उतरले आणि मी त्यांना गच्ची बंद केली. पुन्हा ते वर आले नाहीत.

त्या दिवसापासून बोटाची पद्धत पडली. रोज सकाळी मी वर जायची, ड्रममध्ये बोट खुपसायची आणि हात न धुता खाली यायची. आप्पा खाटेवर बसलेले असायचे. माझं बोट धरून उजेडात वळवायचे, चिकटलेली माती अंगठ्यानं चोळायचे, वास घ्यायचे. मग निकाल. "आज ऱ्हाऊ दे." नाहीतर, "दोन तांबे. कडंकडंनं घाल, बुंध्यावर न्हाय." शाळेच्या ऑफिसात मला उशीर व्हायचा, मी चुळबुळ करायची. ते काही घाई करायचे नाहीत.

पहिल्या वर्षी आलेल्या सगळ्या कळ्या त्यांनी मला खुडायला लावल्या. झाड लहान आहे, आधी अंग धरू दे म्हणाले. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली आणि त्यांनी जाहीर केलं, "औंदा बहार धरायचा. पाणी तोडायचं."

डाळिंबवाल्यांची ही रीत आहे. थंडीत झाडाचं पाणी तोडतात, पानं गळू देतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सुरू केलं की झाड एकदम फुलावर येतं. मी म्हटलं, "आप्पा, ही काय बाग आहे? अर्ध्या ड्रमातलं झाड, मरून जाईल."

"थोडा ताण द्यू. संक्रांत झाली की पाणी सोडू. पयलं पाणी तांब्यानं, बादलीनं न्हाय. तान्हेल्या मुळाला एकदम पाणी सोसत न्हाय." मग म्हणाले, "आन् ताणात झाडाकडं जास्ती बगायचं असतं बाई. रोज. खाली गार लागतंय तवर भ्या न्हाय. खडखडीत लागलं की लगीच सांग."

त्या झाडाचं फळ त्यांना चालणार नव्हतं. डायलिसिसच्या माणसाला डाळिंब वर्ज्य. मी तेही बोलून दाखवलं, कारण मला राहवत नाही. ते म्हणाले, "खायाचं कुटं हाय? बगायचं हाय. हितं सोलापुरात, तुज्या घरावर, माज्या हातचं झाड लागलेलं बगायचं हाय." एवढी एकच इच्छा त्या माणसानं दोन वर्षांत बोलून दाखवली.

जानेवारीच्या सुरुवातीला शाळेत परीक्षेच्या फॉर्मांचं काम निघालं आणि मी गच्चीवर जायचं सोडलं. नाहीतरी पाणी द्यायचंच नाही, मग बघायचं काय, असं मनाशी म्हणत होते. आप्पांची तब्येत उतरत चालली होती, पायांना सूज, बोलताना दम. ते विचारायचे आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "बघितलं, गार आहे." चार दिवस असे गेले.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी, रविवारी, दुपारच्या जेवणानंतर त्यांनी मला हाक मारली. "एक घोट दे की."

बाटलीत दुपारची रेघ संपली होती. मी म्हटलं, "आता संध्याकाळी, आप्पा. थोडा दम धरा."

"बरं," म्हणाले. मग, "झाड बगितलंस?"

"बघितलं. खाली गार आहे."

"बोट दाव."

मी बोट पुढं केलं. त्यांनी ते धरलं, उजेडात वळवलं. त्याला भांड्याच्या साबणाचा वास होता. नखात मातीचा कण नव्हता. ते माझं स्वच्छ बोट हातात घेऊन बराच वेळ बसले आणि माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "बरं हाय," म्हणाले आणि हात सोडला.

संध्याकाळी मी पाण्याचा पेला घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते.

पाणी नाकारल्याचं दुःख मला आहे, पण ते मी पेलते. ते डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं. बोटाचं मात्र पेलवत नाही. त्या माणसाला मी शेवटचं जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ते त्याला कळलं होतं.

तेरावं होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं. चौदाव्या दिवशी मी गच्चीवर गेले. झाडावर पान नव्हतं. फांदीला हात लावला तर कट्‌कन मोडली. माती ड्रमच्या कडा सोडून आत आक्रसली होती. मी तिथंच बसून रडले. मग उठून बादली आणली. एक, दोन, तीन बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. पी, म्हणत होते मी, पी बाबा, पाहिजे तेवढं पी. पहिलं पाणी तांब्यानं द्यायचं हे मला पाठ होतं. ओतताना ते आठवतही होतं. तरी हात थांबला नाही.

आठवड्यानं भाऊ गावाहून पुन्हा आला, तोवर बुंध्याजवळची माती आंबून गेली होती. त्यानं नखानं साल खरवडून पाहिली. वर करडी, मधे करडी, अगदी खाली, चार बोटं उंचीवर, जराशी हिरवी. "अक्का, एवढं पानी कुनी वतलं? आप्पांनी सांगितलं न्हवतं व्हय?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

कात्रीनं त्यानं झाड त्या हिरव्या खुणेच्या जरा वर कापलं, वरची माती काढून कोरडी भरली. "आता पानी घालायला धावू नगंस. बोट घालून बगत ऱ्हा. जगलं तर जगलं."

दीड महिना मी त्या खुंटासमोर रोज उभी राहिले. हातात भरलेला तांब्या, ऊन वाढत चाललेलं, आणि बोट सांगतंय खाली ओल आहे. पाणी न घालता परत यायचं. एखाद्या दिवशी जिन्यापर्यंत येऊन पुन्हा मागं वळायची, तांब्या तिरका करायची, आणि हाताला हिसडा देऊन थांबवायची. आप्पांना रोज पाणी नाही म्हणताना मला जे जड जात होतं, तेच पुन्हा करत होते. पण आता बघून करत होते.

पाडव्याच्या आदल्या सकाळी खुंटाच्या सालीतून मोहरीएवढं तांबूस काहीतरी डोकावत होतं. नख लावायचा धीर झाला नाही. खाली वाकून पाहिलं, तर शेजारी आणखी एक.

मी मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि तशीच खाली आले. नवरा म्हणाला, "चहा झालाय, हात धुऊन घे." मी धुतला नाही. आप्पांच्या खाटेवर हल्ली इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. त्या ढिगासमोर उभी राहून मी बोट पुढं केलं.

"खाली गार आहे, आप्पा," म्हटलं. "आज बघून आले."