फ्यूजच्या झाकणामागे

जुन्या गाडीत स्कॅनर लावायचा पोर्ट शोधायला आमचा मेस्त्री कधी वाकत नाही. डोळे मिटून तो स्टेअरिंगखाली हात घालतो, तिथे नसला तर ॲशट्रेमागे, आणि सापडला की "हाय इथं" एवढंच म्हणतो. स्कॅनर चालू असताना कोणी बोललेलं त्याला खपत नाही. त्यावर आलेला बिघाडाचा कोड तो एकेक आकडा करत दोनदा वाचतो.

परवा माझी गाडी विकत घ्यायला नागावहून एक जण येणार होता, आणि नेमका सकाळपासून ब्रेकच्या एबीएसचा पिवळा दिवा जात नव्हता. मेस्त्रीने कोड वाचला. खाऱ्या हवेने पुढच्या चाकाकडची वायर कुजत आली होती.

"नवी वायर उद्या मिळंल," तो म्हणाला.

"आज नुसता दिवा घालवा."

"ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चाक घसरंल, दादा."

"घेणारा बघेल की त्याचं."

मेस्त्रीने स्कॅनरवरून कोड पुसला, दिवा गेला. खिशातून मार्कर काढून त्याने फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तोच कोड लिहिला, एकेक आकडा सावकाश.

"हे कशाला?"

"पुढच्या मेस्त्रीला."

घरी आल्याआल्या ओला रुमाल घेऊन मी झाकण उघडलं. खूप घासलं, पण शाई निघेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय शोधताय? गाडी बघायला आलोय."

मी झाकण बंद केलं. ते नीट बसलं नाही.