अण्णांना देता आलं नाही

हे मी नितीनलाही सांगितलेलं नाही — आणि नवऱ्यापासून लपवावं असं आता माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही. माझ्या राजीनाम्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. दुबईतल्या मराठी घरांत तो विषय चहाबरोबर पुरवून पुरवून चघळला गेला. पण लोकांना माहीत आहे ते निम्मंच.

जबल अलीतल्या एका कंपनीत मी क्लार्क म्हणून लागले आणि अ‍ॅडमिन हेड झाले. मग खर्चकपात आली. इन्व्हेस्टमेंट्स पार्क वस्तीतल्या स्टाफ क्वार्टर्स रिकाम्या करा, असं पत्र माझ्या सहीनं निघालं. मी स्वतः मात्र कंपनीच्या भाड्यावर चार बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होते. दुबईत ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला कंपनीचं घर नाही, असा नियम होता. माझं होतं — इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत. भाड्यानं दिलेलं.

मीटिंगमध्ये स्टोअरचे पवार उभे राहिले. "मॅडम, बायको-पोरांना आम्ही गावी पाठवू. पण तुम्ही कुठं राहता, तेवढं सांगा."

आता काय सांगणार? नियम सांगता आला असता, गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "मी मिरजेच्या सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी आहे. माझ्या बापाला मला एक खोलीसुद्धा देता आली नाही. स्वतःचं घर असतं तर कंपनीच्या दारात राहिले असते का?" माझा आवाज भरून आला — खरंच भरून आला, तेच मला अजून कळत नाही. टाळ्या पडल्या. पवार खाली बसले.

तर — तो इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट. त्याची सुरुवातीची रक्कम अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दिली होती, स्टँडजवळचं दुकान विकून. "परक्या मुलखात तुझं म्हणून एक दार असू दे," म्हणाले. गावात सांगितलं, धंदा बसला. मग उतारवयात दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढायला जायला लागले. नितीनला मी सांगितलं होतं, माझी बचत आहे.

कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत मिरजेला पोचला. अण्णांचा फोन आला. "बघितलं गं. धीट बोललीस." मग आवाज खाली करून — "आईला नाही दाखवलं मी."

"अण्णा, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते," म्हणाले. मी किचनमध्ये उभी होते. शेजारी लेक होती, तिनंही व्हिडिओ पाहिला होता. तिनं विचारलं, "मॉम, वॉज आजोबा दॅट पुअर?" मी होकारार्थी मान हलवली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पवार भाड्यानं घर शोधत होते आणि एजंट त्यांना माझ्याच फ्लॅटवर घेऊन गेला. भाडेकरू सोडून चालला होता. मालकाचं नाव कळल्यावर पवार तसेच जिना उतरून गेले म्हणे. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर झालं. "खलास. राजीनामा देऊन टाक," नितीन म्हणाला. मी 'कौटुंबिक कारण' लिहिलं. पवारांची बायको-पोरं तोवर गावी गेली होती. आम्ही इंटरनॅशनल सिटीत राहायला आलो.

ही बातमी मिरजेत पोचलीच नाही. तिथं फक्त व्हिडिओ. लोक अण्णांना तोंडावर विचारायचे, "लेकीला खरंच काही दिलं नाहीत?" अण्णा म्हणायचे, "नाही जमलं." हे मावसभावानं मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसले. एक फोन करून "अण्णा, चुकले" म्हणायला काय लागत होतं? नाही केला.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दिवसांत भेटायला आलेल्या शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "बापानं काही दिलं नाही, तरी पोरीनं नाव काढलं हो."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं — दुकान, फ्लॅट, आणि तो व्हिडिओही, हे मला तेव्हा कळलं. ती थांबली होती. मी आता तरी बोलेन म्हणून थांबली होती.

मी सतरंजीकडे बघत बसले.

मग तीच म्हणाली, "हो, हुशारच आहे आमची," आणि उठून आत गेली.