अण्णाच्या नावावरची गाडी

पेट्रोल निपाणीत भरायचं आणि गाडीची नोंदणी कागलच्या पत्त्यावर करायची, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सीमेच्या अलीकडं कर्नाटकात पेट्रोल थोडं स्वस्त आणि पलीकडं महाराष्ट्रात गाडीवरचा कर कमी. दोन्हीकडचा फायदा उपटायला पलीकडं फक्त एक भरवशाचा नातेवाईक लागतो. माझा तर सख्खा थोरला भाऊ अण्णाच कागलला होता.

माझी शाळा तवंदी घाटाच्या पलीकडं, संकेश्वरच्या वाटेवर. बसच्या वेळा आणि शाळेची घंटा यांचं कधी जमलंच नाही, म्हणून शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून मी छोटी गाडी घेतली. नवरा म्हणाला होता, "कर जास्त गेला तर जाऊ दे, तुझ्याच नावावर घे." मी त्यालाच वेड्यात काढलं आणि गाडी अण्णाच्या नावावर केली. शिवाय गाडीवर एमएचची पाटी! निपाणीत राहणाऱ्या मराठी माणसाला त्याचं काय अप्रूप असतं, ते आम्हालाच माहीत.

गाडी चालवायला अण्णानंच शिकवलं आणि तेल वाचवायलाही त्यानंच. चाकात हवा बरोबर ठेव, उगाच रेस करू नको, एसी लावू नको. मी सगळं ऐकलं. एप्रिलमध्ये घामानं निथळत वर्गात शिरायचे, पण ॲव्हरेजचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये माझाच आवाज मोठा. वाटेत आरटीओवाल्यानं गाडी अडवली तर बेधडक सांगायचे, "भावाची आहे, दोन दिवसांसाठी आणलीय." हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं मीच करायचे. पावत्या तेवढ्या अण्णाच्या नावानं फाटायच्या. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. भावाच्या नावाची कसली भीती?

यंदा लग्नसराईत अण्णा एसटीनं आला. मेव्हण्याचं लग्न आहे, धावपळ आहे, आठ दिवस गाडी दे म्हणाला. मी टाकी फुल्ल करून किल्ली दिली. आठाचे पंधरा दिवस झाले. फोन केला की आज आणतो, उद्या आणतो. मी चिडले की त्याच्याकडंच राहणाऱ्या आईचा फोन यायचा, "त्याला सारखं टोचू नगं गं. लगीनघाई हाय. आणून देतोय म्हटलाय न्हवं?" आईच म्हणते म्हटल्यावर मी गप्प बसायचे आणि सकाळी पुन्हा बसमागं धावायचे.

शेवटी एका रविवारी कागल गाठलं. दारात एक पांढरी मोठी गाडी उभी होती. बॉनेटवर हळदकुंकू आणि आरशाला झेंडूची माळ. माझी गाडी कुठंच दिसेना.

"कशी हाय?" अण्णानं हसत विचारलं.

"माझी कुठाय?"

"शोरूमला दिली की हिच्या बदल्यात. लई जुनी झालती. कागदावर माझीच हुती, सही बी माझीच लागली. तुला लागंल तवा ही घिऊन जा."

मी रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. गळा केसानं कापलास म्हणाले, आणखीही बरंच बोलले, त्यातलं एक अक्षरही मला परत घ्यायचं नाही. तो मोबाईलमध्ये बघत उभा राहिला.

मग मी आईकडं वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पुजेला नारळ मीच फोडला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीही नव्हती. "एवढं काय गं मनाला लावून घेतीस? गाडी घरातच ऱ्हायली की. तुझ्याकडं असती तर जावयाच्या घरात गेली असती."

ज्या घराला ती जावयाचं म्हणत होती, ते माझ्याच पगारावर उभं आहे. दिवाळीला येऊन ती तिथंच महिनाभर राहते. तेव्हा मला कळलं, ते पंधरा दिवस ती मला समजावत नव्हती, थोपवून धरत होती. अण्णावर मी ओरडू शकले. तिनं पुढं केलेला चहा मात्र मी नुसता बाजूला सारला.

तो तसाच ठेवून मी निघाले. चपला घालत होते तेव्हा आई उंबऱ्यापर्यंत आली आणि अगदी मायेनं म्हणाली, "एसटीला सुट्टं पैसं हायत न्हवं गं?"