बहिऱ्या कोतवालाचा शेवटचा प्रवेश

मी चौथी नापास. तरी बहिऱ्या कोतवालाचं अख्खं संगीत प्रहसन मला तोंडपाठ होतं. माझे अब्बा रत्नागिरीकडच्या एका फिरत्या नाटक मंडळीत तबला वाजवायचे, त्यांच्याकडून आलेलं. शतक नवं होतं तेव्हाचं ते नाटक. पुस्तक कधी छापलंच नाही.

पन्नास सालानंतर मी कुवेतला मिरकाब मोहल्ल्यात शिंपीकाम करत होतो. तिथं आपली मराठी माणसं थोडी. त्यांतल्या कारकुनांनी हेच नाटक बसवायचं काढलं. पुढारी पुण्याचा एक टायपिस्ट. दर जुम्म्याला दुपारी त्याच्या खोलीवर जाऊन मी पदं, चाली, बोलणी सांगायची, त्यानं उतरून घ्यायची.

शेवटचा प्रवेश आला आणि गाडं अडलं. त्यात शब्द एकही नाही. कोतवाल कंदील घेऊन चोर शोधतो, चोर त्याच्याच पाठीला चिकटून चालतो, आणि दोघांची पावलं तबला बोलतो. मी सांगितलं, हे लिहून होत नाही, करून दाखवावं लागतं. कोतवालाचं काम मला द्या. पण ते टायपिस्टानं स्वतःकडे ठेवलेलं.

"भाई, तुमचं बोलणं पडलं कोकणी," तो म्हणाला. "कोतवालाच्या तोंडी कसं चालेल?"

"शेवटच्या प्रवेशात त्याला तोंडच नाही."

सगळे हसले, तोही हसला. मग एकजण म्हणाला, मियांनी कामासाठी डाव टाकलाय, असला प्रवेशच नसणार. टायपिस्टानं मान डोलावली. म्हणजे माझे अब्बा खोटे. मी उठून आलो.

कोतवालाचा अंगरखा मात्र मीच शिवून दिला. घेतलेलं काम मी टाकत नाही. नाटक झालं तेव्हा मागं उभा राहून बघितलं. शेवटी त्यांनी एक गाणं चिकटवलं होतं. लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या. काही राहिलंय असं एकालाही वाटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

महिन्याभरानं टायपिस्ट एकटाच दुकानात आला.

"चुकलं माझं, भाई. दाखवा, मी शिकतो."

मी मशीन थांबवलं नाही. ज्यांच्यासमोर खोटा ठरवलंत त्यांच्यासमोर हे बोला, म्हटलं. तो आला तसा निघून गेला. पुढच्या साली नोकरी सोडून मुंबईला परतला.

साठ सालानंतर अब्बा गेल्याचं पत्र आलं. त्या जुम्म्याला खोलीत एकटा होतो, दार लावून प्रवेश करायला घेतला. दोन फेऱ्या बरोबर झाल्या. तिसऱ्या फेरीला चोर मागून कंदिलावर फुंकर मारतो. पुढं काय? हात वर तसाच राहिला. तबल्याचे बोलही आठवेनात. नंतर कितीदा केलं, दर वेळी तिथंच येऊन थांबतो.

टायपिस्टानं चारचौघांत बोलायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो. पण त्या दिवशी दुकानात दाखवलं असतं, तर आठवायला निदान दोघं असतो.