आबांचं स्विचमध्ये येणं बंद केलं

मंडळी, आज ऑफिसमधले सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्क स्विचच्या सेटिंग्ज बाहेरून उघडणं बंद केलं. आता त्या फक्त माझ्या कॉम्प्युटरवरून उघडतात. सुरक्षेसाठी ते गरजेचंच होतं.

दुपारी आबांचा फोन आला. ऑफिसमध्ये हे काम मला त्यांनीच शिकवलं. रिटायर झाल्यापासून ते पळसदेवला एकटेच राहतात. रोज घरून स्विच तपासायचे आणि काही बिघडलेलं दिसलं की मला फोन करायचे.

"पोरी, आत जाता येईना गं."

"आबा, मीच बंद केलंय."

"बेस केलंस. असंच पायजे." मग म्हणाले, "पर आता तुला फोन कशापायी करू?"

'सहज करा' असं म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

आता मीच त्यांना फोन लावतेय. तुम्ही असता तर काय बोलला असता?