दोन रांगा पुढे

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी माझं लक्ष श्वासाकडे नव्हतं. दोन रांगा पुढे बसलेल्या सुनंदाताईंच्या पाठीकडे होतं. पाठ हलत होती. त्या रडत होत्या.

सुनंदाताई माझ्या क्लायंट. गडहिंग्लजला ब्लाऊज शिवायचं दुकान. पॅनिक अटॅक यायचे, गोळ्या चालू होत्या; म्हणून दर आठवड्याला एसटीने कोल्हापूरला माझ्याकडे काउन्सेलिंगला यायच्या. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, "आत्ताच नको." आणि आता त्या इथे, मीही इथे. एकमेकींना न सांगता.

शिबिरात मौन असतं. बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. मी सुनंदाताईंना पाहत होते. जेवल्या किती? झोपल्या का? गोळ्यांचं फॉर्मवर लिहिलंय का? लपवलं असेल तर मी आचार्यांना सांगायचं? आमच्या कामात क्लायंटचं बोलणं बाहेर न्यायचं नसतं, जिवाला धोका असेल तरच. हा धोका होता का, ठरवता येईना. मांडी बदलून बदलून गुडघे भरून आले.

दुपारी कपडे वाळत घालताना मी त्यांना गाठलं.

"गोळ्या घेताय ना?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "घेतोय की. फॉर्मात लिवलंय सगळं."

"मग रडताय का?"

"तुमच्यामुळं! तुमी मागं बसलाय. डोळं मिटलं की वाटतंय, मॅडम तपासाय लागल्यात. हितं तरी मला एकटीला बसू द्या की!"

बादली उचलून त्या गेल्या. मला आधी त्यांचाच राग आला. तो संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

शिबिरात सोय बघणाऱ्या सेविकेला मी सांगितलं, "माझी जागा बदलून द्या. लक्ष लागत नाही." खोटं नव्हतं ते. भिंतीकडेचा कोपरा मिळाला. तिथून सुनंदाताई दिसत नव्हत्या. मान वळवायचा मोह मात्र रोज होत राहिला. एकदा कुणीतरी हुंदका दिला. मी उठले नाही. त्या होत्या की दुसरं कुणी, अजून माहीत नाही.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. सुनंदाताई आल्या.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात येतो. पण एक इचारू? तुमी नको म्हणलासा तरी मी आलो, त्ये तुमास्नी आवडलं न्हाय. व्हय का न्हाय?"

"हो," मी म्हणाले.

"मग तसं सरळ म्हणायचं की!"

क्लायंटची काळजी आणि आपलं ऐकलं नाही याचा राग, दोन्ही आतून सारखीच वाटतात. आता पहिल्याच सेशनला मी विचारते, बाहेर दिसलो तर ओळख दाखवायची का. बहुतेक जण म्हणतात, नको.